शेजारणीकडे सराव

सत्तावीस वर्षं पत्र्याच्या कारखान्यात होतो, लॅनेथ्लीत.
तिथे माझी मुलाखत झालीच नव्हती.
बापाने फोरमनच्या कानावर घातलं,
फोरमनने माझे खांदे बघितले,
म्हणाला, सोमवारी ये.

आता एक्कावन्नाव्या वर्षी
लायब्ररीतून छापून आणलेले चार कागद :
केअर होम, नेहमी विचारले जाणारे प्रश्न.
पाढे म्हणावेत तसा मी घरभर फिरतोय,
सन्मान, गोपनीयता, सुरक्षितता, संवाद,
सन्मान, गोपनीयता...
रात्रपाळीला निघताना डेलिथ म्हणाली,
‘एमलिन, हा तू बोलतोयस की नोटीस बोर्ड?’

म्हणून शेजारी गेलो, मिसेस हॅवर्डकडे.
वय अठ्ठ्याऐंशी. दिवसातून दोनदा
त्यांच्याकडे कुणीतरी येतं निळ्या अंगरख्यात,
पंधरा मिनिटांसाठी;
आधी घड्याळ आत येतं, मग माणूस.
म्हटलं, तुम्ही साहेब व्हा, मी उमेदवार.
त्यांनी चष्मा पुसला, कागद हातात घेतले,
आणि एक ओळही न वाचता
मांजराखाली सरकवले.

‘हात दाखव.’
दाखवले. घट्टे, भाजल्याचे डाग,
उजव्या अंगठ्याला अर्धंच नख.
‘गार आहेत. सकाळी सातला हे माझ्या पाठीला लागणार.
तर मग?’
कागदावर हा प्रश्न नव्हता.
‘चोळीन,’ म्हणालो. ‘आधी. एकमेकांवर.’
त्यांनी हवेतच बरोबरची खूण केली.

‘मी रडत असले तर?’
‘विचारीन, काय झालं.’
‘चूक. आधी बस.
उभ्या माणसाला कुणी काही सांगत नाही.’

‘आणि शिवी दिली तर?’
‘कुठल्या भाषेत?’
‘वेल्शमध्ये.’
‘मग समजेन, आज तब्येत बरी आहे.’
त्या हसल्या. दात कपात होते,
त्यामुळे हसू जरा जास्तच आलं बाहेर.

मग म्हणाल्या, फ्रिजमधून खीर आण,
ती डब्यातली, तांदळाची. आणि चमचा.
मला वाटलं, मी भरवायचं.
‘नाही. तू बस. हात मांडीखाली.
डोळे मीट.’

त्यांचा हात थरथरतो
हे मला अकरा वर्षं माहीत आहे,
कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना खिडकीतून बघितलंय.
पण चमचा वाटीच्या कडेवर वाजतोय,
वाजतोय,
आपण तोंड उघडून बसलोय
आणि काहीच येत नाही...
उघडं तोंड किती एकटं असतं.

हनुवटीवर थेंब सांडला. पुसायला हात उठला.
‘खाली,’ त्या म्हणाल्या.
तो थेंब वाळेपर्यंत जेवढा वेळ गेला
तेवढी लांब पाळी मी कधी केली नव्हती.

पहिला घास मोठा होता. दुसरा फार लवकर.
तिसऱ्याच्या आधी त्या म्हणाल्या, ‘आला.’
एवढंच. आला.
आणि माझं तोंड आपसूक, वेळेवर, उघडलं.

डोळे उघडले तेव्हा त्या दमल्या होत्या,
बाहीवर खीर,
मांजर माझ्या संवाद-सुरक्षिततेवर झोपलेलं.
विचारलं, ‘मिळेल का नोकरी?’
‘मला काय ठाऊक? मला कोण विचारतंय!’
जरा वेळाने म्हणाल्या,
‘हनुवटी पूस आता.’

उद्या साडेदहा वाजता.
घरात टाय एकच, अंत्यविधीचा;
डेलिथचा निरोप चिठ्ठीवर, की तो नको घालूस,
तिथल्या लोकांनी तो पुरेसा बघितलाय.
रात्रीचे बारा. स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून
नखं कापतोय. नऊ पूर्ण, एक अर्धं.
मग कानस घेतली, कारखान्यातून आणलेली,
पत्र्याच्या कडा घासायचो तीच,
आणि एकेक बोट
गालावरून फिरवून बघतोय.

अर्धं नख अजून टोचतंय.
घासतो.